वाचकांचे प्रश्न : सायबर प्रशिक्षक परत गेल्यावर गावात कोण उरते?

शासन आणि स्वयंसेवी संस्था मिळून चालवत असलेल्या सायबर सुरक्षा प्रशिक्षणाविषयी मागील अंकात आम्ही प्रश्न मागवले होते. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून पत्रे आली. पुष्कळ पत्रांचा आशय सारखा असल्याने त्यांतील सहा प्रश्न निवडून येथे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : सायबर गुन्हे रोखणे हे पोलिसांचे काम आहे. मग लोकांना त्याविषयी शिकवण्यासाठी शासन बाहेरच्या संस्थांशी करार का करते? जबाबदारी झटकण्याचीच ही एक रीत नव्हे काय? — एक निवृत्त शिक्षक, अमळनेर

उत्तर : गुरुजी, आपली शंका रास्त आहे, आणि ती काही ठिकाणी खरीही ठरते. मात्र त्यासाठी गुन्हा घडून गेल्यानंतरचे काम आणि तो घडण्यापूर्वीचे काम, ही दोन वेगळी करून पाहावी लागतील. तक्रार नोंदवणे, गेलेली रक्कम पुढच्या खात्यात अडवणे, आरोपीचा माग काढणे, हे अधिकार कायद्याने शासनाकडेच आहेत आणि ते कोणत्याही संस्थेला देता येत नाहीत. त्यासाठीच केंद्रीय गृह मंत्रालयाचे भारतीय सायबर गुन्हे समन्वय केंद्र आहे, तक्रारींचे राष्ट्रीय पोर्टल आहे आणि 1930 हा मदत क्रमांक आहे. फसवणूक झालेला माणूस पोलीस ठाण्यात गेला आणि त्याला ‘त्या संस्थेकडे जा’ असे सांगितले गेले, तर ते निःसंशय जबाबदारी झटकणेच होय.

गुन्ह्यापूर्वीचे काम निराळे आहे. फसवणुकीचा फोन येतो तेव्हा माणूस बहुधा एकटा असतो; शेतात असतो, नाही तर दुपारी घरी. त्या दोन मिनिटांत त्याच्याजवळ पोलीस नसतो, बँकेचा साहेब नसतो, असते ती फक्त त्याला आधीपासून ठाऊक असलेली गोष्ट. ती गोष्ट घरोघरी पोहोचवायची तर बंदोबस्त, तपास आणि न्यायालयाच्या तारखा सांभाळणारे तालुक्याचे पोलीस ठाणे अपुरे पडते. 2024 या एका वर्षात देशातील नागरिकांनी सायबर फसवणुकीत 22,800 कोटी रुपयांहून अधिक रक्कम गमावली, असे केंद्र सरकारने संसदेत सांगितले आहे. एवढ्या मोठ्या संकटापुढे ज्या संस्थांची गावात आधीपासून ऊठबस आहे त्यांना सोबत घेणे शहाणपणाचे आहे.

अशी भागीदारी नवीनही नाही. राष्ट्रीय महिला आयोगाने 2018 मध्ये सायबरपीस फाउंडेशन या संस्थेच्या सोबतीने ‘डिजिटल शक्ती’ हा महिलांसाठीचा कार्यक्रम सुरू केला आणि 2022 मध्ये त्याचा चौथा टप्पा जाहीर झाला. आपल्या राज्यात क्विक हील फाउंडेशनच्या उपक्रमात महाविद्यालयीन विद्यार्थी आधी स्वतः शिकतात आणि मग शाळाशाळांत जाऊन मुलांना शिकवतात. भारतीय रिझर्व्ह बँकेने 2017 पासून बँका आणि स्वयंसेवी संस्था यांना एकत्र आणून तालुका पातळीवर वित्तीय साक्षरता केंद्रे उभी केली, आणि पुढे एका केंद्राने साधारण तीन तालुके सांभाळावेत अशी रचना केली. या तिन्हींमध्ये मला शेवटची रचना अधिक मोलाची वाटते, कारण तिथे केंद्राला ठरलेला पत्ता आहे आणि अडचण आलेला माणूस पुन्हा त्याच दारात जाऊ शकतो.

प्रश्न : आमच्या बचत गटाला दोन तासांचे सायबर प्रशिक्षण मिळाले. पडद्यावर चित्रे दाखवली, ‘ओटीपी कोणालाही सांगू नका’ असे पुन्हा पुन्हा बजावले, शेवटी बॅनरसमोर सर्वांचा फोटो काढला. सव्वा महिन्याने आमच्याच एका सदस्येच्या खात्यातून 9,500 रुपये गेले. तिने ओटीपी कोणालाही सांगितला नव्हता. तिला ओटीपी आलाच नव्हता. मग आम्ही शिकलो ते काय? पुढच्या वेळी आम्ही काय मागावे? — एका महिला बचत गटाच्या अध्यक्षा, शहादा तालुका

उत्तर : ताई, आलेल्या सर्व पत्रांत आपला प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर देतो.

आपल्या पत्रात पुढे लिहिले आहे की, त्या भगिनी अंगठा लावून पैसे काढतात. आधारच्या साहाय्याने होणाऱ्या या व्यवहाराला बँकेचे नाव, आधार क्रमांक आणि बोटाचा ठसा एवढेच पुरते. ओटीपी लागतच नाही. म्हणजे प्रशिक्षण देणाऱ्याने सांगितले ते खोटे नव्हते, पण ते शहरातील फोनवरून पैसे भरणाऱ्या माणसासाठी होते. तुमच्या गावात पैसा ज्या वाटेने येतो-जातो त्या वाटेकडे कोणी पाहिलेच नाही. याचे मला विशेष वाईट वाटते, कारण देशातील पहिले आधार क्रमांक 29 सप्टेंबर 2010 रोजी आपल्याच तालुक्यातील टेंभली गावात दिले गेले. ज्या मातीत आधारची सुरुवात झाली, तेथील बायकांना आपल्या अंगठ्याची राखण कशी करायची हे अजून कोणी नीट शिकवलेले नसावे, ही खंत बाळगण्याजोगीच गोष्ट आहे.

गेल्या पावसाळ्यात तापीकाठच्या एका गावी समाजमंदिरात अशाच एका वर्गाला मी बसलो होतो. शिकवणाऱ्या मुलीने पडदा लावलाच नाही. पैसे काढण्याचे छोटे यंत्र तिने सतरंजीवर मधोमध ठेवले आणि एकेकीला अंगठा लावायला सांगितले. पहिल्या सात जणींपैकी चौघींचा ठसा यंत्राने घेतला नाही. कापूस वेचताना बोंडाच्या टोकदार कडा बोटांना लागतात, निंदणी-खुरपणीने कातडी झिजते, आणि अंगठ्यावरच्या रेषा पुसट होऊन जातात. त्यामुळे ‘ठसा आला नाही, पुन्हा लाव’ हे वाक्य या बायकांना इतके सवयीचे असते की, त्यात काही वावगे असू शकेल असे त्यांच्या मनातही येत नाही. लबाडीला नेमकी तीच जागा सापडते. पहिला व्यवहार झालेला असतो, पैसे खात्यातून वळते झालेले असतात, आणि ‘फेल गेला’ असे सांगून दुसऱ्यांदा अंगठा घेतला जातो. त्या मुलीने सर्वांकडून एक गोष्ट घोटून घेतली : दुसऱ्यांदा अंगठा लावण्याआधी पहिल्या व्यवहाराची पावती मागायची. पावतीवर ‘अयशस्वी’ असे छापलेले दिसले तरच पुढचा अंगठा. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांनी पावती घेऊन दुकानाबाहेर उभ्या असलेल्या शाळकरी मुलाकडून वाचून घ्यायची, असेही ठरले. मागच्या रांगेतल्या एक आजी अहिराणीत म्हणाल्या, ‘पावती नही त आंगठा नही.’ वर्ग तिथेच पुरा झाला असे म्हटले तरी चालेल.

आपल्या सदस्येसाठी आता करण्याजोगे असे. 1930 वर तक्रार नोंदवली नसेल तर आधी ती नोंदवावी आणि बँकेच्या शाखेत लेखी अर्ज देऊन त्याच्या प्रतीवर पोच घ्यावी. रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकानुसार चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही, दोष व्यवस्थेत अन्यत्र आहे, अशा प्रकरणी बँकेकडून व्यवहाराची सूचना मिळाल्यापासून 3 कामकाजाच्या दिवसांत ग्राहकाने कळवले तर नुकसानीचा भार त्याच्यावर पडत नाही. दिवस उलटतात तसा हा हक्क कमकुवत होत जातो, म्हणून खात्याला मोबाइल क्रमांक जोडलेला असणे आणि आलेला संदेश त्याच दिवशी कोणीतरी वाचणे फार गरजेचे आहे. आधारमधील बोटांचे ठसे ‘लॉक’ करण्याची सोयही आहे. आधारच्या संकेतस्थळावरून किंवा ॲपवरून ते बंद करता येतात आणि पैसे काढायच्या वेळी तात्पुरते उघडता येतात. मात्र आधारला चालू मोबाइल क्रमांक जोडलेला हवा. माहितीसाठी 1947 हा आधारचा मदत क्रमांक आहे.

आता पुढच्या प्रशिक्षणासाठी काय मागावे. सर्वप्रथम, संस्थेचा माणूस वर्गाच्या आठवडाभर आधी एकदा गावात येऊन जावा आणि त्याने पाहावे की येथील बायका पैसे कुठून काढतात, लाडकी बहीण योजनेचे ई-केवायसी कोणाच्या फोनवरून केले, पीएम किसानचा हप्ता आला की नाही हे कोणाला विचारतात, आणि घरात एकच फोन असेल तर तो दिवसभर कोणाच्या हातात असतो. हे ठाऊक असल्याशिवाय दिलेले व्याख्यान वाऱ्यावर जाते. दुसरी मागणी भाषेची. पुस्तकी मराठीत ‘संशयास्पद दुव्यावर क्लिक करू नये’ असे सांगून सातपुड्याच्या पायथ्याशी कोणालाही काही उमगत नाही. अहिराणी, गुजर बोली, पावरी, भिली यांपैकी जी बोली वर्गात बोलली जाते ती येणारी एक तरी व्यक्ती शिकवणाऱ्यांत असलीच पाहिजे. संस्था निवडताना शासनाने हे पाहावे असे माझे ठाम मत आहे, कारण बोली येणारी माणसे असणे हाच स्थानिक संस्थेला सोबत घेण्यामागचा मोठा आधार आहे. बोली येत नसेल तर ती संस्था आणि मुंबईहून आलेला अधिकारी यांत गावाच्या दृष्टीने फरक उरत नाही.

आणि तिसरी मागणी, जिच्यावाचून आधीच्या दोन्ही व्यर्थ आहेत, ती म्हणजे प्रशिक्षक परत गेल्यावर गावात कोणीतरी उरले पाहिजे. ‘उमेद’ अभियानाच्या समुदाय संसाधन व्यक्ती, बँक सखी, आशाताई, यांच्यापैकी एकीला अधिक दिवसांचे शिक्षण द्यावे, तिच्या वेळेचे मानधन करारातच धरावे, आणि ‘फोन आला, काय करू?’ असे विचारायला सर्वांनी तिच्याकडे जावे. तिच्या मानधनाची सोय नसलेला करार मी तरी अपुराच समजेन. आपल्याकडे गावपातळीवरच्या बाईच्या वेळेला किंमत नसते असे गृहीत धरून किती योजना आखल्या गेल्या, हे आपण गट चालवताना पाहिलेच असेल. तीन महिन्यांनी संस्थेने पुन्हा यावे आणि त्या वेळी हजेरी मोजू नये, तर वर्गातल्या किती जणींना 1930 हा क्रमांक न पाहता सांगता येतो, हे मोजावे.

प्रश्न : ‘आम्ही सरकारमान्य संस्थेतून बोलतो, सायबर प्रशिक्षणासाठी तुमची निवड झाली आहे, नोंदणीचे 500 रुपये या क्यूआर कोडवर भरा’ असा फोन आला. हे खरे असेल का? — एक वाचक, एरंडोल

उत्तर : पैसे भरू नका. खरा जनजागृती वर्ग गावात, शाळेत किंवा पंचायतीत होतो आणि तो कोणी ठेवला आहे हे ग्रामसेवकाला किंवा मुख्याध्यापकांना विचारून कळते. तो क्रमांक दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ पोर्टलवरील ‘चक्षू’ या सोयीत नोंदवा, म्हणजे इतरांचाही बचाव होईल. पैसे भरून झाले असतील तर मात्र वेळ न घालवता 1930.

प्रश्न : आमची छोटी नोंदणीकृत संस्था बारा वर्षांपासून आदिवासी पाड्यांवर वाचनवर्ग चालवते. आम्हाला शासनासोबत सायबर साक्षरतेचे काम करायचे आहे. सुरुवात कोठून करावी आणि करारात काय असावे? — एका संस्थेचे सचिव, चोपडा

उत्तर : कागदपत्रांचे आधी सांगतो. धर्मादाय कार्यालयाकडील नोंदणी आणि हिशोबपत्रके अद्ययावत ठेवावीत, नीती आयोगाच्या ‘एनजीओ दर्पण’ पोर्टलवर नोंद करून क्रमांक घ्यावा, आणि कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीतून काम करायचे असेल तर कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे सीएसआर-1 हा अर्ज भरावा. 1 एप्रिल 2021 पासून तो आवश्यक आहे. शिकवण्याच्या साहित्यावर पैसे खर्च करू नयेत. केंद्रीय इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाचा माहिती सुरक्षा शिक्षण व जागृती प्रकल्प 2005 पासून चालू आहे आणि त्याचे साहित्य खुले आहे. सायबर गुन्हे समन्वय केंद्राच्या ‘सायबर दोस्त’ या खात्यांवरूनही नव्या फसवणुकींची माहिती मिळत राहते. तुमचे काम त्या साहित्याला पाड्यावरची उदाहरणे आणि पाड्यावरची बोली देण्याचे आहे, आणि बारा वर्षांच्या वाचनवर्गांमुळे त्यासाठी तुमच्याइतकी योग्य संस्था सहज सापडणार नाही.

त्यानंतर जिल्ह्याच्या सायबर पोलिसांकडे आणि जिल्हा परिषदेकडे प्रस्ताव द्यावा. प्रस्ताव लहान असावा. पाच पाडे, सहा महिने, एवढाच. मोठा आकडा लिहिला की तो पुरा करण्याच्या धावपळीत वर्ग अर्ध्या तासाचे होतात, हे मी एकाहून अधिक ठिकाणी पाहिले आहे.

करारात एका बाबीकडे विशेष लक्ष द्या असे कळकळीने सांगतो. प्रशिक्षणाचा पुरावा म्हणून हजेरीपटावर नाव, मोबाइल क्रमांक, आधार क्रमांक आणि सही किंवा अंगठा घेण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे; कधी आधारच्या झेरॉक्सही जोडतात. मग त्या कागदाचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर वरिष्ठांना पाठवला जातो. एका गावातील साठ माणसांची नावे, क्रमांक, आधार आणि अंगठ्याचे ठसे एकाच छायाचित्रात! ज्यापासून लोकांना सावध करायला आपण गेलो तेच आपण आपल्या हाताने करून ठेवतो. आधारचा क्रमांक कोणत्याही परिस्थितीत घेऊ नका. नाव आणि सही पुरेशी समजली जाईल, यादी कोणाजवळ राहील आणि किती दिवसांनी नष्ट केली जाईल, हे करारातच लिहून घ्या. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याचा रोखही ज्या कामासाठी हवी तेवढीच माहिती घेण्याकडे आहे, त्यामुळे अधिकाऱ्यांशी बोलताना त्याचा आधार घेता येईल. फोटो हवाच असेल तर पाठमोरा वर्ग आणि समोर फळा, असा काढावा.

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. अशा सरकारी आणि स्वयंसेवी भागीदारीतील प्रशिक्षणातून सायबर सुरक्षेत नोकरी मिळू शकते का? परदेशात काय चालते? — एक विद्यार्थिनी, शिरपूर

उत्तर : दोन प्रकारच्या प्रशिक्षणांत गल्लत करू नये. वर ज्यांची चर्चा केली ते नागरिकांना सावध करण्याचे वर्ग आहेत. त्यांच्या प्रमाणपत्रावर नोकरी मिळणार नाही. नोकरीसाठीचे प्रशिक्षण लांब आणि कठीण असते. आपल्याकडे त्याचे उदाहरण म्हणजे 2018 मध्ये मायक्रोसॉफ्ट आणि डेटा सिक्युरिटी कौन्सिल ऑफ इंडिया यांनी केंद्रीय इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाच्या साथीने सुरू केलेला ‘सायबर शिक्षा’ हा अभियांत्रिकी पदवीधर मुलींसाठीचा कार्यक्रम. ही कौन्सिल नॅसकॉम या माहिती तंत्रज्ञान कंपन्यांच्या संघटनेने 2008 मध्ये स्थापन केलेली ना-नफा संस्था आहे. अशा कार्यक्रमाची नवी तुकडी केव्हा निघते यावर लक्ष ठेवा, आणि तोवर नेटवर्किंग, लिनक्स आणि एखादी प्रोग्रामिंग भाषा यांचा पाया पक्का करा. त्यावाचून कोणताही अभ्यासक्रम पुढे नेणार नाही.

अमेरिकेत शासनाने याच वाटेने पैसा दिल्याचे स्पष्ट उदाहरण आहे. तेथील सायबर सुरक्षेची मध्यवर्ती यंत्रणा असलेल्या सिसाने ऑक्टोबर 2021 मध्ये एनपॉवर आणि सायबरवॉरियर फाउंडेशन या दोन ना-नफा संस्थांना मिळून 20 लाख डॉलर दिले. हेतू असा की, ग्रामीण भागातील आणि शहरांतील वंचित वस्त्यांमधील लोक, बेरोजगार, माजी सैनिक, स्त्रिया यांना या क्षेत्रातील पहिल्या पायरीच्या नोकरीसाठी तयार करावे. महाविद्यालयापर्यंत न पोहोचलेल्यांतही कुवत असते असे मानून शासकीय पैसा खर्च करणे मला अनुकरणीय वाटते. धडगाव-अक्कलकुव्याच्या मुलामुलींसाठी आपल्याकडे असा विचार व्हायला हवा.

तेथूनच दुसरा धडाही घ्यावा. सेंटर फॉर इंटरनेट सिक्युरिटी ही ना-नफा संस्था तेथील राज्ये आणि नगरपालिका यांना सायबर हल्ल्यांची माहिती देणारे केंद्र अनेक वर्षे सिसाच्या निधीतून चालवत होती. तो करार 30 सप्टेंबर 2025 रोजी संपला आणि ते केंद्र सभासदांच्या वर्गणीवर आले. श्रीमंत महानगरपालिका वर्गणी भरू शकेल, लहान गावाचे काय? एकाच अनुदानावर उभे असलेले काम अनुदानाबरोबर कोलमडू शकते, म्हणून पैसा कोठून येतो आणि किती वर्षे येणार आहे, हे प्रशिक्षणाला नाव नोंदवण्यापूर्वी तुम्हीही विचारावे.

आणखी एक गोष्ट तुमच्या वयाच्या सर्वांना सांगायची आहे. ‘तुझे बँक खाते महिनाभर वापरायला दे, दर व्यवहाराला पैसे मिळतील’ असे मित्राने सांगितले तरी खाते, एटीएम कार्ड किंवा सिम देऊ नका. फसवणुकीची रक्कम अशाच खात्यांतून फिरवली जाते आणि पोलीस आधी खातेदाराच्या दारात येतात. सायबर सुरक्षेत नोकरी करू पाहणाऱ्याच्या नावावर असा गुन्हा लागला तर पुढची वाटच बंद होते.

प्रश्न : आमच्या तालुक्यात एका संस्थेने शासकीय निधीतून सायबर प्रशिक्षण घेतल्याचे वृत्तपत्रात वाचले. आमच्या गावाचे नाव यादीत आहे, पण वर्ग झालाच नाही. विचारणा कोठे करावी? — एक माजी सरपंच, साक्री तालुका

उत्तर : माहितीचा अधिकार अधिनियम, 2005 खाली ज्या कार्यालयाने निधी दिला त्याच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे 10 रुपये शुल्कासह अर्ज करा. सामंजस्य कराराची प्रत, गावनिहाय वर्गांच्या तारखा, दिलेली रक्कम आणि काम झाल्याचा दाखला कोणाच्या सहीने दिला, एवढेच मागा. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एका विषयापुरता आणि 150 शब्दांत बसणारा असावा. उत्तरासाठी 30 दिवसांची मुदत आहे, न आल्यास त्याच कार्यालयातील अपिलीय अधिकाऱ्याकडे जाता येते. ‘ती खासगी संस्था आहे, तिची माहिती देता येत नाही’ असे उत्तर आले तर खचून जाऊ नका. शासनाकडून भरीव अर्थसाहाय्य मिळणारी स्वयंसेवी संस्थाही या कायद्याच्या कक्षेत येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये दिलेला आहे. शिवाय करार आणि देयके शासकीय कार्यालयाच्या दप्तरी असतात, ती तेथूनच मिळू शकतात.

अर्जाच्या जोडीला ग्रामसभेत हा विषय घेऊन ‘आमच्या गावी असा वर्ग झालेला नाही’ असा ठराव लिहून घ्या आणि त्याची प्रत गटविकास अधिकाऱ्यांना द्या. त्याच ठरावात एक ओळ वाढवून राहिलेला वर्ग कोणत्या तारखेला घ्यावा तेही लिहा. कापसाची वेचणी उरकल्यानंतरची आणि बाजाराचा वार सोडून तारीख द्या, म्हणजे बायका येऊ शकतील.